पोळं, कात्री आणि आईची सतरा मिनिटं

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.५०
रोजनिशी पुन्हा सुरू. आधी सगळ्यांची खुशाली, मग काम.
हिला विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, "बरा आहे. आज काय मोडलंत?" काही मोडलेलं नाही, असं शांतपणे सांगितलं.
ताईला फोन केला. दम लागतो, आवाज मात्र खणखणीत. मेहुण्यांचा उजवा कान गेला, डावा जायच्या बेतात. आमची लेक परगावी, कामात बुडालेली, म्हणजे बरी. कॉम्प्युटरचा पंखा कण्हतो, बाकी धडधाकट. मी ठणठणीत.
एकूण सगळे बरे. फक्त डिस्क उघडत नाही.

सकाळी ११.३०
झालं ते असं. काल सिस्टीम अपडेट केली. नवं कर्नल आलं. जुनं मी स्वतःच्या हाताने काढून टाकलं. झाडलेला केर घरात कशाला ठेवायचा? मग जुनी डिस्क लावली तर पडद्यावर अक्षरं: "अनोळखी फाइलसिस्टीम."
अनोळखी! बारा वर्षं घरात नांदलेल्याला अनोळखी!
हिला समजावून सांगितलं. कर्नल म्हणजे लिफ्टच्या मशीनरूममधला कंट्रोलर, सगळं वरखाली तोच ठरवतो. फाइलसिस्टीम म्हणजे इमारतीतल्या मजल्यांची रचना, काय कुठे ठेवलंय त्याची. आमच्या डिस्कची रचना हाइव्ह नावाची, घरात आम्ही तिला पोळं म्हणतो. नव्या कंट्रोलरला पोळ्याचे मजलेच माहीत नाहीत.
ती म्हणाली, "मग जुना कंट्रोलर कुठाय?"
विषय बदलला.

दुपारी ३
डिस्कवर काय आहे ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे कामाचा नेट राहील. आईची सतरा मिनिटं आहेत. बारा वर्षांपूर्वी ती स्वयंपाकघरात पाटावर बसून बोलत होती, मी रेकॉर्ड केलं. त्याच वर्षी ती गेली. तिचा आवाज जगात एवढाच.
ताई दोन मार्चला ऐंशीची होते. मला म्हणाली, बाकी काही नको, सगळ्यांसमोर आईला ऐकव. शब्द दिला आहे.
आईला पोळ्यात ठेवलं ते मुद्दाम. त्या काळी सगळ्यात भरवशाची रचना तीच होती. आता नव्या कर्नलच्या बदलांची यादी वाचली. एक ओळ सापडली: हाइव्ह काढून टाकले. एवढंच. ना निरोप, ना कारण. काढणाऱ्याचं नाव खाली आहे. मी त्याला कात्री म्हणणार.
फितुरांची यादी उघडली. १. कात्री.

५ फेब्रुवारी, बुधवार
कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे सहज गेलो. सल्ला मागायला नव्हे. तो म्हणाला, "काका, जुन्या सिस्टीमची सीडी आहे माझ्याकडे. त्यावरून मशीन चालू करा, डिस्क उघडेल, फाइल काढून घ्या. दहा मिनिटांचं काम."
त्याला सांगितलं, छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्यात. आत माणूस अडकला की शेजारच्या इमारतीची लिफ्ट आणत नाहीत. आहे तीच चालवतात. आईचा आवाज उसन्या कर्नलमधून ऐकायचा?
तो म्हणाला, "काका, चहा घेणार का?" हरला.
निर्धार: कर्नलला स्वतः पॅच लावायचा. म्हणजे त्याच्या मूळ मजकुरात पोळ्याचा भाग परत शिवायचा आणि नवं कर्नल घरी बांधायचं. दोन दिवस वाचन, दोन दिवस शिवण, एक दिवस राखीव. दहा तारखेला आई बोलेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार
ताईचा फोन. बेत सांगितला. मध्येच म्हणाली, अरे पण तू मला ती काडी दिलेली ना, चष्म्याच्या डब्यात—
तिला थांबवलं. काडी म्हणजे पेनड्राइव्ह, ती वेगळी, डिस्क वेगळी, फाइलसिस्टीम तिसरीच. सगळं सोपं करून सांगितलं, वीस मिनिटं लागली. शेवटी म्हणाली, बरं बाबा. समजलं असावं.
हिचं म्हणणं, आधी डिस्कची एक झेरॉक्स काढून ठेवा. म्हणजे दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब प्रत. ही चाळीस वर्षं ग्रंथालयात होती, तिला प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती लागतात. मी म्हटलं, स्वतःच्या हातावर भरवसा नसलेल्याने प्रत काढावी.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ९
पोळ्याचा जुना मजकूर मिळवला. नव्या कर्नलच्या पोटात नेऊन ठेवला. दोन ओळी जोडल्या की, बाबांनो, हाही तुमच्यातलाच. बांधकाम सुरू केलं.

दुपारी १२.१०
बांधकाम थांबलं. चुका: दोनशे चौदा.
माझ्या एकही नाही. मधल्या काळात या लोकांनी कर्नलच्या आतल्या फंक्शनांची नावं बदलली, काहींची कामं बदलली. मी बाहेर असताना घराची सगळी कुलपं बदलावीत आणि मलाच दार वाजवायला लावावं, तसं.
यादीत भर. २. कुलपं बदलणारे, एकूण अंदाजे चारशे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
चुका सत्त्याण्णव. काही नावं खरोखर दुरुस्त केली. काही ओळी फारच कटकट करतात. त्यांच्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या की त्या गप्प बसतात, कर्नल त्यांच्याकडे बघतच नाही. मी याला विश्रांती म्हणतो. वय झालेल्या ओळी आहेत. बसू देत.
दहा तारीख हुकली. ती अंदाजे होती.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
चुका शून्य!
अडतीस ओळी विश्रांतीवर. हिला बातमी दिली. म्हणाली, छान, आता बल्ब बदला, न्हाणीघरात आठवडाभर अंधार आहे.
नव्या कर्नलच्या नंबराच्या शेवटी स्वतःचं नाव लावता येतं. मी माझं लावलं नाही. "आई" लावलं.
मशीन बंद करून चालू केली. फरक तिथल्या तिथे जाणवला. पंखा शांत. खिडक्या पटापट उघडतात. अक्षरंही ठळक वाटतात. डिस्क अजून उघडत नाही, पण नव्या जागी रुळायला वेळ लागतोच.

१६ फेब्रुवारी, रविवार
चौथा दिवस. वेग कायम. डिस्कचा हट्टही कायम. मेहुणे हिशेबाला पक्के म्हणून त्यांना फोनवर वेगाचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "हो, हो, इकडेही उकडतंय."

दुपारी ४
ही चहा ठेवायला आली आणि पडद्यापाशी रेंगाळली. पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर वाचायची जुनी सवय. कर्नलचा नंबर वाचला, पुन्हा वाचला. म्हणाली, "यात आई कुठाय?"
नव्हती.
मशीन सुरू होताना कोणतं कर्नल घ्यायचं ते एक मेन्यू ठरवतो. त्याला नव्या पाहुण्याची वर्दी द्यायला हवी होती. दिली नव्हती. म्हणजे चार दिवस मी बाजारातल्याच कर्नलवर होतो. वेगसुद्धा बाजारातलाच.
३. मेन्यू.
बल्ब बदलला.

१७ फेब्रुवारी, सोमवार
पॅच आपल्यापुरता ठेवणं बरं नव्हे. पोळ्यात कोणाकोणाच्या आया असतील. कर्नलवाल्यांची टपालयादी असते, सगळे बदल तिथे पाठवायचे. पाठवला. वर चार शब्द आपुलकीचे. सगळ्यांच्या तब्येती कशा आहेत? कात्रीसाहेबांचे डोळे? दिवसभर पडद्यापुढे बसून पाठ धरते का? घरची मंडळी? एकेकाला विचारलं. कोऱ्या करकरीत कामाचा कागद कुणाच्या हातात असाच कसा द्यायचा?

१८ फेब्रुवारी, मंगळवार
तिथला रोबोट पहिला बोलला. पॅच लागत नाही. वरच्या चौदा ओळी त्याला कुठेच बसवता येत नाहीत.
चौदा ओळी म्हणजे खुशाली. कात्रीची पाठ त्याने कर्नलमध्ये शोधली.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ८
खुद्द कात्रीचं उत्तर. सभ्य माणसासारखं लिहिलंय, तेच जास्त लागतं. म्हणतो, आम्ही सगळे बरे आहोत, आभारी आहे, पाठ जरा धरते. पॅच नुसता पाठवा. आणि हाइव्ह काढण्याआधी मी याच यादीवर विचारलं होतं, अजून कोणी वापरतं का? सहा महिने थांबलो. कोणी बोललं नाही. शिवाय दोन वर्षं डिस्क लावून मशीन सुरू केली की पडद्यावर सूचना येत होती.
साफ खोटं.

सकाळी ८.४०
खोटं नाही. या यादीचं टपाल फार येतं म्हणून मीच ते परस्पर एका फोल्डरात पडेल असं केलंय. फोल्डरचं नाव "सवडीने". न वाचलेली सहा हजार चारशे बारा. त्यात सापडलं. विषयातच लिहिलंय: हाइव्ह वापरणाऱ्यांनी हात वर करा.
आणि ती सूचनाही आठवली. पिवळी ओळ. रोज सकाळी पडद्याची शोभा घालवायची. दोन वर्षांपूर्वी मीच ती दिसू नये अशी सोय केली होती, आणि हिला कौतुकाने दाखवली होती.
तरीपण. एवढं महत्त्वाचं होतं तर माणूस फोन करतो.

२० फेब्रुवारी, गुरुवार
पॅच खुशालीविना पुन्हा पाठवला. कात्रीशी संबंध मात्र आता कामापुरते. त्याची पत्रंही यापुढे थेट "सवडीने"मध्ये जातील असं केलं. आपण काळजीने विचारावं आणि त्याने आपल्यालाच आपली चूक दाखवावी. मन दुखतं.
ताईचा फोन होता. दम जास्त लागतोय. काडीचं पुन्हा काढलं तिने. म्हटलं, ताई, मला दहा दिवस दे, काडीबिडी नको, मूळ आई आणतो. ती हसली. मग खोकली. मग म्हणाली, लहानपणापासून तुझं असंच आहे.
स्तुती समजून घेतली.

२४ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी २
मेन्यूला वर्दी दिली. मशीन सुरू. नंबर वाचला. शेवटी "आई". हिला बोलावून दाखवलं. हिने दोनदा वाचलं आणि मान डोलावली.
डिस्क लावली. जोडली गेली! कुरकुर नाही, "अनोळखी" नाही.
आत शून्य फायली.
निदान भांडण नाही.

दुपारी ४.३०
कारण सापडलं. फायलींची नावं वाचून दाखवणारी ओळच विश्रांतीवर होती. तिला उठवलं. बांधकाम पुन्हा, तीन तास.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
आता दुसरी ओळ आडवी येते. पोळं उघडण्याआधी ती डिस्कवरची रचना तपासते आणि म्हणते, नव्या फंक्शनांशी हिशोब जुळत नाही, मी दार उघडणार नाही. जुळायला काय हवंय? बारा वर्षं जुळत होतं. एवढी संशयी ओळ मी पाहिली नाही.
विश्रांती दिली. पुन्हा अडतीस.

२६ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ११.०५
उघडली! नावं दिसतात! तिसरीच फाइल: "आई सतरा मिनिटं". डोळे भरून आले. हिला हाक मारली. ती म्हणाली, "आधी ती फाइल बाहेर काढा. मग रडा."
काढतोच. आधी डिस्कवरच एक छान फोल्डर करतो, "ताई ऐंशी" नावाचं. आईला त्यात ठेवून ताईला दाखवीन. शोभा लागते.

सकाळी ११.२०
फोल्डर केलं. मशीन गोठली.

दुपारी ३
बंद करून चालू केली. डिस्क उघडत नाही. तपासनीस ओळ उठवली, तरी नाही.

सायंकाळी ५
डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती जुनी सीडी लावली. डिस्क दोनदा काढून लावली. मग म्हणाला, "काका, यात लिहिलंत का काही? इथे आता मजलेच राहिले नाहीत." चहा विचारला नाही. स्टूल पुढे सरकवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
काही लिहायचं नाही.

सकाळी १०
"सवडीने" उघडलं. कात्रीचं पत्र आहे, एकवीस तारखेचं. पॅच नीट वाचलाय त्याने, ओळ न् ओळ. अडतीस ठिकाणी खुणा. खाली लिहिलंय: रचना तपासणारी ओळ तुम्हालाही आडवी येईल. ती काही झालं तरी बंद करू नका. तिच्याविना डिस्कवर एक अक्षर जरी लिहिलं तरी चुकीच्या जागी पडेल. खऱ्या डिस्कवर चालवण्याआधी प्रत काढा.
मी ती ओळ पंचवीसला बंद केली. पत्र तोवर चार दिवस इथे पडून होतं.

दुपारी १२
लिफ्टच्या दारावर एक स्विच असतो. दार पूर्ण मिटल्याशिवाय तो लिफ्ट हलू देत नाही. तो फार कुरकुर करतो. मग एखादा आळशी मेकॅनिक त्यावर वायरचा तुकडा टाकतो, जम्पर म्हणतात त्याला. लिफ्ट झकास चालते. माझ्या जोडीदाराने एकदा टाकला होता, मी त्याला साइटवरून हाकललं. आठ वर्षं बोललो नाही त्याच्याशी. तो म्हणत होता, अरे, दुपारपुरता टाकला होता.
दोन तिरप्या रेघा. जम्पर तो जम्परच.
हिने दुपारी भात वाढला, पाणी दिलं. झेरॉक्स हा शब्द काढला असता तर बरं वाटलं असतं.

१ मार्च, शनिवार
ताईला काय सांगायचं याची तालीम. पहिला मसुदा: डिस्क जुनी होती. दुसरा: कर्नलवाल्यांनी दगा दिला. तिसरा हिला वाचून दाखवला. ही म्हणाली, "याच्यात तुम्ही कुठे आहात?"
चौथा मसुदा दोन शब्दांचा आहे.

२ मार्च, रविवार. सकाळी ९.३०
ताईकडे निघालो. डिस्क फडक्यात गुंडाळून सोबत. का, माहीत नाही.

सायंकाळी ७
क्रमाने लिहितो.
खोलीत ताई खुर्चीत, शाल पांघरून. मेहुणे डावा कान आमच्याकडे करून बसलेले. लेकही आली होती. मी ताईसमोर स्टुलावर बसलो आणि म्हटलं, मी मोडलं. मग बाकीचं सांगितलं: पोळं, ओळ, जम्पर, फोल्डर. फडकं सोडून डिस्क तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, आई गेली गं ताई, माझ्या हाताने.
ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "झालं तुझं? आता मी बोलू का? महिनाभर बोलू देशील तर शपथ."
चष्म्याचा डबा मागितला. त्यातून चष्म्याखालून एक काडी काढली. मेंदीच्या रंगाची, टोपण नसलेली. माझ्याच अक्षरातली चिकटपट्टी, शाई उडालेली. लेकीने ती टीव्हीला लावली. साधी काडी, साधी रचना, कुठल्याही टीव्हीला चालणारी.
आई बोलायला लागली.
मेहुणे म्हणाले, "कोण आलंय?" आणि डावा कान टीव्हीकडे वळवला.
ताई दर रविवारी ऐकते म्हणे. बारा वर्षं. मला वाटलं मी तिच्यासाठी आणतोय.
पंधराव्या मिनिटापाशी माझा हात रिमोटकडे गेला. मी नेहमी तिथेच थांबवायचो. तिथून पुढे आई माझ्याविषयी बोलायला लागते, आणि ते मला ऐकवत नाही, म्हणून. पुढे नुसता भांड्यांचा आवाज आहे असं सगळ्यांना सांगत आलो. ताईने रिमोट शालीखाली घेतला.
आई म्हणाली, "हा काय, काहीतरी उघडून बसेल. सहा वर्षांचा असताना भिंतीवरचं घड्याळ उघडून बसला होता. प्रेमाने हो, त्याला बरं करायचं होतं. अजून तेवढं चाक सापडायचंय." मग भांड्यांचा आवाज. मग, "ऐक रे. याची एक तुझ्या ताईकडे देऊन ठेव. आजच. आणि ती कपाटात नको, तिच्या हाताशी राहील असं बघ."
त्यावर माझा आवाज. बारा वर्षांनी तरुण. "हो आई, देतो." आणि जरा रागाने, "एवढा पण भरवसा नाही का माझ्यावर?"
आई म्हणाली, "तुझ्यावर आहे. तुझ्या हाताला चैन नसते, त्याचं म्हणतेय."
मग रेकॉर्डिंग संपतं.
लेक हसत होती, रडतही होती. ही माझ्याकडे बघतच नव्हती, चहाचे कप गोळा करत होती, एकात एक, फार सावकाश. ताई म्हणाली, "आता नव्या दोन प्रती काढा. एक ग्रंथालयात."
म्हणजे हिच्याकडे.
घरी येऊन फितुरांची यादी काढली. आईचं नाव घालायला पेन उघडलं. बराच वेळ उघडंच होतं. मग टोपण लावलं.

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आज एकच काम. खाली नक्कल उतरवून ठेवतो. पाठवताना भाषा त्यांची केली, खुशाली तेवढी आपली.

"कात्रीसाहेब, (हे नाव मी ठेवलेलं, रागात, माफ करा.) पॅच मागे घेतो. तुमचं एकवीस तारखेचं पत्र मी सत्तावीसला वाचलं. चूक तुमच्या लिहिण्यात नव्हती. डिस्क गेली. तिच्यातलं जे हवं होतं ते माझ्या थोरल्या बहिणीकडे साध्या काडीत सुखरूप निघालं. आईने बारा वर्षांपूर्वी मला तेच सांगितलं होतं जे तुम्ही सांगितलंत. तिचंही मी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. अडतीस खुणा केल्यात, त्यातल्या सतरा समजल्या. बाकीच्या समजावून द्याल का? चालवण्यासाठी नव्हे, नुसत्या समजून घ्यायच्या आहेत. पाठीला गरम पाण्याची पिशवी लावता का? घरचे सगळे बरे असतील. इथे ताईचा दम जरा कमी आहे, हिचा गुडघा बरा, पंखा कण्हतो. तुमचं उत्तर आता 'सवडीने'त पडत नाही, ते फोल्डर काढून टाकलं. सहा हजार पत्रं होती, त्यांची आधी प्रत काढली. तरी उत्तर लवकर पाठवा. मी रोज सकाळी बघतो."